जुन्या जोड्याची पारख

पायीची वहाण पायीच बरी, अशी मराठीत एक जुनी म्हण आहे. म्हणीचा रोख वेगळा असला तरी गेल्या काही वर्षांत वहाणेने पायाची ही मर्यादा ओलांडली आहे, हे मात्र खरे. एकाच्या पायातून उतरलेला बूट स्वच्छ पुसला जातो, खिडकीपाशी ठेवून त्याचे छायाचित्र घेतले जाते आणि तासाभरात तो देशाच्या दुसऱ्या टोकावरील एखाद्या अनोळखी ग्राहकाच्या भ्रमणध्वनीच्या पडद्यावर झळकू लागतो. गिर्यारोहणाचा छंद नुकताच लागलेला विद्यार्थी, धावण्याच्या स्पर्धेची तयारी करणारी तरुणी, पहिल्या मुलाखतीसाठी चांगल्या कातडी बुटांच्या शोधात असलेला पदवीधर, असे अनेक जण आज महाजालावरील या जुन्या बाजारात डोकावतात. नव्या जोडाची किंमत परवडत नाही आणि हलका जोड घ्यायचा नसतो, अशा वेळी मधला मार्ग म्हणून हा व्यवहार समंजसपणाचाच म्हणावा लागेल.

वापरलेल्या पादत्राणांचा बाजार तसा नवा नाही. मुंबईत कामाठीपुऱ्याच्या परिसरातील डेढ गल्लीत शुक्रवारी भल्या पहाटे जुन्या आणि दुरुस्त केलेल्या बुटांचा बाजार भरत आला आहे. उजाडण्यापूर्वीच तेथील निम्मा व्यवहार उरकतो आणि गिऱ्हाईक विजेरीच्या उजेडात माल पाहते. परंतु त्या अंधारातही बूट हातात घेता येतो, वाकवता येतो, नाकाशी नेता येतो आणि पायात घालून दोन पावले चालता येते. हातच्या काकणाला आरसा कशाला, असे म्हणतात. पडद्यावरून खरेदी करणाऱ्याच्या वाट्याला मात्र काकण येत नाही, केवळ आरसाच येतो, आणि तो आरसाही विक्रेत्याने धरलेला असतो. म्हणून काय दाखवले आहे याच्याइतकेच काय दाखवलेले नाही, याकडे लक्ष देणे ही या खरेदीची पहिली पायरी होय.

न वापरलेला म्हणजे नवा नव्हे

या बाजारात एक शब्द वारंवार भेटतो : ‘डेडस्टॉक’. एकदाही पायात न घातलेला, खोक्यात जसाच्या तसा राहिलेला जोड, असा त्याचा अर्थ. हा शब्द दिसला की ग्राहक निर्धास्त होतो. वास्तविक सर्वाधिक सावध राहण्याची हीच जागा आहे. कारण कपाटात ठेवलेले भांडे जसे वर्षानुवर्षे तसेच राहते, तसे बुटाचे नसते.

आधुनिक बुटाचा तळ एकजिनसी नसतो. जमिनीला टेकणारा रबरी थर खाली, पाय सामावणारा भाग वर आणि या दोहोंच्या मध्ये धक्का शोषून घेणारा फेसाळ, मऊ थर, अशी त्याची रचना असते. हा मधला थर अनेक बुटांत, विशेषतः गिर्यारोहणाच्या जाड बुटांत, पॉलियुरेथेनचा असतो. या द्रव्याचे काही प्रकार हवेतील बाष्पाशी हळूहळू संयोग पावतात. पाण्याच्या रेणूंमुळे त्याच्या लांब साखळ्या तुटत जातात आणि ही क्रिया उष्ण व दमट हवेत अधिक वेगाने होते. प्रारंभी तळाच्या बाजूवर केसासारख्या बारीक भेगा दिसतात किंवा बोटाला चिकटपणा जाणवतो. पुढे एके दिवशी तो थर शिळ्या नानकटाईसारखा भुरभुरतो आणि खालचा रबरी तळ अखंड निखळून येतो. बूट वापरला गेला नाही म्हणून ही क्रिया थांबत नाही. उलट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, हवा न लागणाऱ्या कोपऱ्यात ठेवलेल्या जोडात दमटपणा कोंडून राहतो. खोक्यातील ओलावा शोषणाऱ्या पुड्या एकदा भरल्या की त्यांचाही उपयोग संपतो.

कोकण, गोवा, केरळ, चेन्नई वा कोलकाता येथील हवेत चार-पाच पावसाळे काढलेला ‘नवा’ जोड आणि राजस्थानातील कोरड्या हवेत तितकाच काळ राहिलेला जोड यांत म्हणूनच फरक पडू शकतो. विक्रेत्याचे शहर कोणते आणि बूट आजवर कोठे ठेवले होते, हा प्रश्न भोचकपणाचा वाटला तरी विचारावा. घरात बसल्या तळ सुटला तर नुकसान फक्त पैशाचे होते. सह्याद्रीतील एखादा निसरडा कातळ उतरताना किंवा हिमालयातील मुक्कामापासून चार तासांच्या अंतरावर तो सुटला, तर प्रसंग जिवावर बेतू शकतो. अनुभवी गिर्यारोहक सोबत दोरी आणि रुंद चिकटपट्टी बाळगतात, त्यामागील कारणांत हेही एक असते.

यावर उपाय आहे आणि तो साधा आहे. बहुतेक नामवंत उत्पादकांच्या बुटांत जिभेच्या आतील बाजूस किंवा आतल्या कडेला एक लहान पट्टी शिवलेली असते. तीवर माप, नमुन्याचा संकेतांक आणि पुष्कळदा निर्मितीचा महिना व वर्ष छापलेले असते. या पट्टीचे स्पष्ट, वाचता येईल असे छायाचित्र मागावे. पॉलियुरेथेनचा तळ असलेला जोड पाच-सहा वर्षांपूर्वीचा असेल, तर तो कितीही चकचकीत दिसला तरी संशयास पात्र समजावा. मग विक्रेत्याला एक छोटे चलच्चित्र पाठवण्यास सांगावे : मधल्या थरावर अंगठा दाबलेला आणि पंजापाशी बूट वाकवलेला. अंगठा काढताच थर पूर्ववत झाला, भेग उघडली नाही आणि करकर असा आवाज आला नाही, तर बरेचसे समाधान मानता येते. विक्रेता असे चित्रण देण्यास कां-कूं करू लागला, तर तेही एक उत्तरच असते. येथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. असा बूट विकणारा दर वेळी लबाडच असतो असे नाही. अनेकदा बुटाचे वय त्याला स्वतःलाही ठाऊक नसते.

धावण्याच्या पुष्कळ बुटांत हा थर ‘ईव्हीए’ नावाच्या दुसऱ्या फेसाचा असतो. तो असा भुरभुरत नाही, पण दबतो. दबलेल्या थराच्या बाजूवर आडव्या, दाट सुरकुत्या दिसतात आणि टाचेपाशी बूट किंचित बसल्यासारखा भासतो. धावण्याचा जोड साधारणतः ५०० ते ८०० किलोमीटर साथ देतो, असा धावपटूंचा ठोकताळा आहे. त्यामुळे ‘फक्त सहा महिने वापरला’ या वाक्याला फारसा अर्थ नाही. रोज दहा किलोमीटर धावणाऱ्याचे सहा महिने म्हणजे १८०० किलोमीटर. तेथे त्या जोडाचे आयुष्य दोनदा संपलेले असते.

तळ उलटा करून पाहावा

बैल घेणारा शेतकरी जसे आधी दात पाहतो, तसे जुना बूट घेणाऱ्याने आधी तळ पाहावा. नेमके हेच छायाचित्र जाहिरातींत बहुधा नसते.

चालताना बहुतेकांची टाच बाहेरच्या कडेने प्रथम जमिनीला लागते. म्हणून टाचेची बाहेरची कड थोडी अधिक झिजलेली असणे स्वाभाविक आहे. दोन्ही बुटांची झीज सारखी असेल, तर चिंतेचे कारण नाही. मात्र एक बूट दुसऱ्यापेक्षा बराच अधिक झिजला असेल किंवा झीज टाचेच्या आणि पंजाच्या आतल्या कडेला एकवटली असेल, तर पहिल्या मालकाची चाल त्या बुटात मुरलेली आहे असे समजावे. बूट सपाट टेबलावर ठेवून टाचेच्या मागून, टेबलाच्याच उंचीवरून घेतलेले छायाचित्र येथे फार उपयोगी पडते. जोड सरळ उभा असेल तर टाचेची मधली शिवण ओळंब्यात दिसते. कलंडलेला असेल तर तेही लपत नाही. असा कलंडलेला बूट नव्या मालकाच्या घोट्याला आणि गुडघ्याला त्याच बाजूला ओढतो. कोल्हापुरी चपलेच्या तळव्यावर जसा पायाचा ठसा उमटतो, तसाच ठसा बुटाच्या आतही असतो. तो फक्त अस्तराखाली दडलेला असतो, एवढाच भेद.

तो पाहण्यासाठी आतला सुखतळा बाहेर काढून त्याचे वेगळे छायाचित्र मागावे. अंगठ्याखाली व टाचेखाली काळपट ठसे असणे साहजिक आहे. तेथे खोल खळगा वा भोक असेल, तर मात्र विक्रेत्याने वर्णनात लिहिलेले ‘क्वचित वापर’ हे शब्द खरे नव्हेत. टाचेच्या आतील बाजूचे अस्तरही असेच बोलके असते, कारण बूट घालता-काढताना पहिली झीज तेथेच होते. बाहेरून रंग देता येतो, तळ घासून धुता येतो. आतले फाटलेले अस्तर झाकणे तितके सोपे नसते. संग्राहक मंडळी याहून बारकाईने पाहतात. १९८२ साली आलेल्या नाइकीच्या ‘एअर फोर्स वन’ या बुटाच्या तळावर पंजाकडे छोट्या चांदण्या असतात. त्यांतील किती शिल्लक आहेत, यावरून तो जोड किती चालला याचा अंदाज हे लोक बांधतात.

कातडे : सुरकुती आणि भेग

कातडी बुटावर पंजा वाकतो तेथे सुरकुत्या पडणारच. सुरकुती हा दोष नव्हे. ती वयाची खूण आहे, आणि अस्सल कातड्यावर ती मऊ, अनियमित असते. भेग ही वेगळी गोष्ट. कातड्याचा वरचा थर फाटून आतील तंतू दिसू लागले, तर तो बूट कितीही पॉलिश केला तरी पुन्हा सांधत नाही. पॉलिशचा जाड थर काही दिवस भेग बुजवून ठेवतो, इतकेच. कापडावर प्लॅस्टिकचा लेप दिलेले कृत्रिम कातडे असेल, तर वाकण्याच्या जागी पापुद्रे सुटतात आणि त्यावर तर काहीच इलाज चालत नाही. भेग की सुरकुती हे ओळखण्यासाठी समोरून झगझगीत उजेडात काढलेले छायाचित्र निरुपयोगी ठरते. दिवसाच्या उजेडात, प्रकाश एका बाजूने तिरपा पडेल असे छायाचित्र मागावे. त्यात पृष्ठभागाचा प्रत्येक उंचसखलपणा सावलीसह उमटतो. पांढऱ्या बुटांच्या बाबतीत शेजारी कोरा पांढरा कागद ठेवण्यास सांगावे. कागदाच्या तुलनेत तळाचा पिवळेपणा लगेच कळतो आणि छायाचित्रावर रंगाची मखलाशी केली असेल तर कागदाचा रंगही बदललेला दिसतो.

कातडी बुटांविषयी एक दिलासा मात्र आहे. वरचा भाग आणि तळ यांना कातडी पट्टीच्या आधाराने शिवून जोडण्याची जी ‘गुडइयर वेल्ट’ नावाची पद्धत एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत विकसित झाली, त्या पद्धतीच्या बुटाचा झिजलेला तळ काढून नवा बसवता येतो. अशा बुटाच्या तळाच्या कडेवर, वरच्या बाजूस, सभोवार टाके दिसतात. अर्थात नुसती शोभेची शिलाई मारलेले चिकटवलेले बूटही पुष्कळ असतात. म्हणून तळाच्या खालच्या बाजूलाही शिवण वा तिची खाच दिसते का, हे पाहावे. काही बुटांत ती झाकलेली असते, तेव्हा नमुन्याचे नाव विचारून घ्यावे. असा जोड झिजल्या तळासह स्वस्तात मिळाला आणि जवळपास हाताने काम करणारा चांगला कारागीर असेल, तर तो उत्तम सौदा होय. आग्रा, कानपूर, तमिळनाडूतील आंबूर, मुंबईतील ठक्करबाप्पा वसाहत अशा ठिकाणी हे कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहे. हिशेब मात्र पूर्ण करावा. समजा, नवा जोड आठ हजारांचा आहे आणि जुना साडेचार हजारांना मिळतो. त्यावर तळ बदलण्याचे दीड हजार आणि टपालखर्चाचे दोनशे धरले, तर जुना जोड सहा हजार दोनशेला पडला. मग नव्याची हमी सोडून अठराशे रुपये वाचवायचे का, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा.

मापाचा घोळ

या खरेदीत सर्वाधिक जोड परत जातात ते मापामुळे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. इंग्लिश पद्धतीत एका क्रमांकाचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर. युरोपीय पद्धतीत तो दोन तृतीयांश सेंटिमीटर. अमेरिकन क्रमांक इंग्लिश क्रमांकापेक्षा अर्धा ते एक अंकाने मोठा असतो, तोही उत्पादकागणिक वेगळा. आणि स्त्रियांचे अमेरिकन क्रमांक पुरुषांच्यापेक्षा पुन्हा साधारण दीड अंकाने पुढे. भारतात बहुधा इंग्लिश क्रमांक चालतो, पण परदेशातून आलेला जोड विकणारा ‘नऊ नंबर’ एवढेच लिहून मोकळा होतो. भारतीय पाऊल पाश्चात्त्य पावलापेक्षा सर्वसाधारणपणे रुंद असते, हीही एक अडचण. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांची पावले मोजून ‘भा’ नावाची स्वतंत्र भारतीय मापपद्धती सुचवली, त्याचे वृत्त २०२४ मध्ये आले होते.

क्रमांकांच्या या जंजाळात न शिरता सुखतळ्याची लांबी मिलिमीटरमध्ये, पट्टी ठेवून घेतलेल्या छायाचित्रासह मागावी. पाऊल संध्याकाळी मोजावे, कारण दिवसभरात ते किंचित सुजते. पावलाच्या लांबीपेक्षा सुखतळा साधारण एक सेंटिमीटर मोठा असला म्हणजे बोटांना जागा राहते. वापराने बूट रुंदीत थोडा सैलावतो, लांबीत मात्र वाढत नाही. ‘घालून घालून मोठा होईल’ हे आश्वासन म्हणून ऐकून सोडून द्यावे.

मधुमेहामुळे ज्यांच्या पावलांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी या बाजाराच्या वाटेलाच जाऊ नये. बुटातला एखादा उंचवटा किंवा उसवलेला टाका त्यांना टोचत नाही, जखम होते, आणि ती कळते तेव्हा उशीर झालेला असतो. चालायला लागलेल्या मुलांसाठीही दुसऱ्याच्या चालीत मुरलेला जोड टाळलेला बरा.

खरा, खोटा आणि ‘फर्स्ट कॉपी’

नामवंत मुद्रेच्या बुटांची नक्कल आपल्याकडे ‘फर्स्ट कॉपी’ या नावाने उघडपणे विकली जाते. तीच नक्कल थोडी वापरली की ‘जुना अस्सल जोड’ म्हणून पुन्हा बाजारात येते, तेव्हा ती ओळखणे अवघड होते. कारण नवेपणातील ढोबळ खुणा, जसे की गोंदाचे डाग किंवा उग्र वास, तोवर पुसल्या गेलेल्या असतात. बुटातील पट्टीवरचा संकेतांक आणि खोक्यावरचा संकेतांक ताडून पाहावा. ते जुळले नाहीत तर सौदा तेथेच सोडावा. मात्र ते जुळले म्हणून बूट अस्सल ठरत नाही, कारण नक्कल करणारा संकेतांकाचीही नक्कल करतो. फार महागडे जोड घेणाऱ्यांनी तज्ज्ञाकडून तपासणी करून देणाऱ्या संकेतस्थळांवरूनच ते घ्यावेत. ईबे या कंपनीने २०२० मध्ये अमेरिकेत महागड्या बुटांसाठी अशी तपासणी सुरू केली, ती या गरजेतूनच.

दाखवलेला बूट विक्रेत्यापाशी खरोखर आहे की कोणाचे तरी छायाचित्र उचलले आहे, हे जाणून घेण्याची युक्ती सोपी आहे. कागदावर त्या दिवसाची तारीख हाताने लिहून तो बुटाशेजारी ठेवावा आणि छायाचित्र पाठवावे, असे सांगायचे. प्रामाणिक विक्रेत्याला यास दोन मिनिटे लागतात.

पैसे देताना

आपण सैन्यात आहोत, बदली झाली आहे, माल आजच काढायचा आहे, असे सांगून आगाऊ रक्कम मागणारा विक्रेता भेटला तर ग्राहकाने थांबावे. आणि जुना जोड विकणाऱ्यानेही लक्षात ठेवावे की यूपीआयद्वारे पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागत नाही, संकेतचित्रही स्कॅन करावे लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. माल हाती पडून ग्राहकाची पसंती होईपर्यंत रक्कम मध्यस्थ संकेतस्थळाकडे राहण्याची सोय असेल, तर तिचाच उपयोग करावा. फसवणूक झालीच तर आपल्या बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय सायबर साहाय्य क्रमांकावर ताबडतोब कळवावे. पैसे पुढे सरकण्यापूर्वी अडवणे पहिल्या काही तासांतच शक्य असते.

कायद्याचा आधार मर्यादित आहे, पण अगदीच नाही असे नव्हे. २०२० चे ई-वाणिज्य विषयक ग्राहक संरक्षण नियम नियमितपणे व्यापार न करणाऱ्या, स्वतःची वस्तू खाजगीरीत्या विकणाऱ्या व्यक्तीला लागू होत नाहीत. परंतु १९३० च्या वस्तुविक्री कायद्याच्या कलम १५ नुसार वर्णनावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळली पाहिजे, ही अट गृहीतच असते. यासाठी दूरध्वनीवरील गोड बोलण्यावर विसंबू नये. ‘भेग नाही, तळ मूळचा आहे, निर्मिती अमुक वर्षाची’ हे विक्रेत्याकडून लेखी संदेशात घ्यावे आणि तो संदेश जपून ठेवावा.

पार्सल आले की ते फोडतानाचे अखंड चलच्चित्र घ्यावे. प्रथम वास पाहावा. कुबट वास आणि अस्तरावरील पांढुरके ठिपके ही बुरशीची खूण असते. मग तळ दाबावा, बूट वाकवावा, पट्टीवरील तारीख आधीच्या छायाचित्राशी ताडावी. सारे ठीक असेल तर सुखतळा नवा घालावा, बुरशीरोधक पावडर टाकून जोड दोन दिवस सावलीत, वाऱ्यावर ठेवावा. कडक उन्हात ठेवल्यास गोंद सुटतो. त्यानंतर परतीची मुदत संपेपर्यंत तो घरातच, स्वच्छ फरशीवर घालून फिरावे. तळाला एकदा रस्त्याची धूळ लागली की दोष आधीचा होता, हे पटवून देणे कठीण जाते.